कडी बाहेरून

बंद दारासमोर स्टूल टाकून बसलं की किस्से शोधायला कुठे जावं लागत नाही. ते आपणहून जिना चढून येतात. दार उघडं असतं तर लोक आत डोकावले असते आणि आपल्या वाटेने गेले असते. दार बंद, म्हणून जो तो आपल्या मनातलं काहीतरी त्या दाराआड ठेवून जातो. माझ्याकडे असे किस्से इतके साठलेत की नातवंडं म्हणतात, "आजोबा, एक सांगा, पण जरा फास्ट!" फास्ट मला जमत नाही. मी बोलायला लागलो की समोरच्याचा चहा गार होतो. तेव्हा चहा आधी पिऊन घ्या.

मी ठाण्याला नौपाड्यात एका लॉजवर कामाला होतो. खोल्या भाड्याने देतात तसलं लॉज नव्हे. ही बंधुभावाची संस्था होती. डॉक्टर, वकील, मास्तर, दुकानदार, सगळे एकमेकांना बंधू म्हणायचे. महिन्यातून एका संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये जमायचे, दार लावून त्यांचे काही विधी करायचे आणि मग खाली येऊन जेवायचे. लॉजचं पूर्ण नाव सांगत नाही. गुप्त आहे म्हणून नव्हे, लांब आहे म्हणून! आसपासचे लोक त्याला 'भूतहॉल' म्हणायचे. रिक्षावाल्याला तेवढं सांगितलं तरी पुरायचं.

माझी जागा दाराबाहेर. मंडळी आत गेली की मी कडी बाहेरून लावायची आणि हातात तलवार घेऊन उभं राहायचं. मध्येच कोणाला बाहेर यायचं असेल तर तो आतून तीनदा दार ठोकणार. मी विचारणार, "कोण?" त्याने नाव सांगायचं नाही. त्या दाराआड नावाला किंमत नव्हती. आपण तिथे कोण लागतो ते सांगायचं. अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार, साधा बंधू, जे असेल ते. उत्तर बरोबर आलं की मी कडी काढायची. ही रीत कोणी पाडली, कशासाठी पाडली, मी कधी विचारलं नाही. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. दार राखायला तेवढं पुष्कळ होतं.

सभेच्या वेळी आत काय चालायचं ते मला तेव्हाही माहीत नव्हतं, आजही नाही. पण हॉल मीच झाडायचो. काळ्या-पांढऱ्या फरशा, भिंतीला लागून खुर्च्या, अध्यक्षांची एक उंच खुर्ची, आणि फिरण्यापेक्षा कुरकुरच जास्त करणारा एक पंखा. बस्स! लोकांना हे पटायचं नाही. "एवढंच? मग दार कशाला लावता?"

या शंकेचा फटका बसायचा माझ्या सुमनला. माझी एकुलती एक मुलगी, बालवाडीत शिकवायची. लग्नाचं वय झालेलं. पाहुणे यायचे, पोहे खायचे, मुलगी आवडायची. मग कोणीतरी विचारायचं, "वडील कुठे असतात?" की पोह्यांच्या बशा खाली! 'भूतहॉलवाल्याची मुलगी' हे तिला चिकटलं ते चिकटलंच. ती हसून म्हणायची, "बाबा, त्या भुतांमध्येच एखादं बरं बघा की." तिची आई हसायची नाही.

हे एवढं ध्यानात ठेवा. आता सांगतो.

* * *

शेजारच्या चाळीत पारूमावशी राहायच्या. कोळीण, बाजारात मासे विकायच्या, आवाज असा की खाडीच्या पलीकडे ऐकू जावा. सभेच्या दिवशी मला सामान आणताना बघितलं की गॅलरीतून ओरडायच्या, "काय रं दामू, आज कुनाचा बळी?"

मी म्हणायचो, "कोंबडीचा, मावशी. इंदू रस्सा करतेय. वाटी पाठवू?"

"नको रं बाबा! तसलं मंतरलेलं आमी नाय खात!" असं म्हणून कानाला हात लावायच्या.

इंदू म्हणजे आमची मंडळी. लॉजचा स्वयंपाक तिच्याकडे असायचा. तिच्या वाटणाचा वास गॅलरीपर्यंत गेला आणि एका संध्याकाळी मावशी स्वतः वाटी घेऊन खालच्या दारात उभ्या. "मना एक सांग दामू. मंतर रश्श्यात घालतान, का नुसता वर म्हनतान?"

"रश्श्यात फक्त मसाला आहे, मावशी."

"मंग घाल दोन पल्या."

त्यानंतर दर सभेला कोंबडी यायच्या आधी मावशींची वाटी आमच्या खिडकीत हजर. एकदा अध्यक्ष तापाने आजारी पडले आणि सभा रद्द झाली. मावशी वाटी घेऊन आल्या, बघतात तर स्वयंपाकघर बंद. त्या असल्या भडकल्या!

"म्हंजे काय? आज बळी नाय? आसं कसं चालल रं! देवाधर्माची रीत आशी मोडू नये!"

* * *

तलवारीचंही सांगतो. कोणीतरी पोलिसांच्या कानावर घातलं, की भूतहॉलच्या दारात एक माणूस शस्त्र घेऊन उभा असतो. ऐन सभेच्या वेळी एक नवे हवालदार जिना चढून आले.

"काय आहे हे?"

"तलवार, साहेब."

"खरी?"

"खरी."

"काढा बघू म्यानातून."

मी ओढली. हलेना. मी लागल्यापासून ती कधी म्यानाबाहेर आलीच नव्हती, आणि ठाण्याची खारी हवा लोखंडाला काय करते ते तुम्हाला ठाऊक आहे. हवालदारांना वाटलं मी नाटक करतोय. त्यांनी टोपी माझ्या स्टुलावर ठेवली, एक पाय भिंतीला लावला आणि स्वतः ओढून बघितली. मग मी म्यान धरलं, त्यांनी मूठ धरली, आणि आमची रस्सीखेच सुरू झाली. दोघेही धापा टाकतोय!

आतून तीनदा ठोकलं.

"कोण?" मी दम खात विचारलं.

"अध्यक्ष! दामू, बाहेर मारामारी चाललीय का?"

"नाही साहेब, तपास चाललाय!"

शेवटी हवालदारांनी हात झटकले, टोपी घातली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काका, उद्या खरंच कोणी हल्ला करायला आला ना, तर त्याला म्हणा, बाबा रे, आधी जरा म्यान धर!"

* * *

कुलकर्णीसाहेब डोंबिवलीचे, बँकेत मोठ्या हुद्द्यावर. त्यांना मधुमेह, त्यामुळे सभा चालू असताना एकदा तरी बाहेर यावं लागायचं. वर्षानुवर्षं ते चिटणीस. आतून टकटक झाली की मी "कोण?" म्हणायचो, "चिटणीस" असं उत्तर यायचं, मी कडी काढायचो.

एका सभेला नवीन निवड होती. अर्ध्या तासातच दारावर धडाधडा तीन ठोके पडले.

"कोण?"

"चिटणीस! उघडा!"

आता आली का पंचाईत! निवडीनंतर कोण काय होणार ते मला आधी सांगून ठेवलेलं असायचं. मी म्हटलं, "साहेब, चिटणीस आता वकीलसाहेब झाले."

"अहो, मी कुलकर्णी!"

"नाव चालत नाही, साहेब."

"मग मी कोण आहे हो?" साहेब आतून अगदी काकुळतीला आले. "अरे, मी कोण झालो रे?"

आतून सगळा हॉल ओरडला, "खजिनदार! खजिनदार!"

मी कडी काढली. साहेब पळाले ते परत येतानाच थांबले. रुमालाने कपाळ पुसत मला म्हणाले, "दामू, आपण कोण आहोत हे माणसाने विसरू नये. घाईत तर मुळीच नाही."

* * *

याच कुलकर्णीसाहेबांच्या पत्नी, आम्ही त्यांना वहिनी म्हणायचो, एकदा अचानक लॉजवर आल्या. डोळे सुजलेले. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "दामूभाऊ, मला खरं सांगा. हे इथे वाढप्याचं काम करतात का?"

तर झालं होतं असं. साहेब दर महिन्याला एक काळी बॅग घेऊन निघायचे. आत काय असतं ते कधी सांगायचे नाहीत. वहिनींनी एकदाची ती उघडली, तर आत पांढरा एप्रन आणि पांढरे हातमोजे! सभेत सगळेच ते घालायचे, पण वहिनींना कसं ठाऊक असणार? त्यांनी रात्रंदिवस विचार केला आणि ठरवलं की बँकेत काहीतरी बिनसलंय आणि नवरा लपूनछपून लग्नाच्या पंगती वाढायला जातोय.

"नाही हो वहिनी," मी म्हटलं, "साहेब आणि वाढपी? काहीतरीच काय!"

आता लॉजची एक जुनी रीत होती. वर्षातून एकदा सगळे बंधू एप्रन बांधून कामाच्या माणसांना वाढायचे. स्वयंपाकाला इंदू आणि तिच्या हाताखालच्या बायका, झाडूवाला, माळी, मी, आम्ही पाटावर बसायचो आणि डॉक्टर-वकील वाढायचे. तो दिवस नेमका हाच!

वहिनी माझ्यामागून जेवणाच्या खोलीत आल्या. समोर कुलकर्णीसाहेब, कमरेला एप्रन, हातात पिठल्याचं पातेलं. "अहो इंदूबाई, लाजू नका, घ्या अजून!" चाललं होतं.

वहिनी दारातच थांबल्या. मला वाटलं आता रडतात. त्या म्हणाल्या, "घरी पाण्याचा तांब्या कधी उचलला नाहीत!"

त्या वर्षापासून डोंबिवलीत कुलकर्ण्यांच्या घरी रविवारची पानं साहेब वाढायला लागले, असं ऐकतो.

* * *

कल्याणला मोरे म्हणून एक जागेचे एजंट होते. त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं, की या मंडळींच्या शेकहँडमध्ये एक खूण असते, आणि ती खूण केली की कोर्टात, कचेरीत, कुठेही काम फटाफट होतं.

"काका, तेवढी खूण शिकवा."

"मला माहीत नाही, मोरे. मी दाराबाहेरचा माणूस."

"तुम्ही शपथ घेतलीय, कळतं मला."

तासभर बसले. शेवटी कंटाळून उठले, मीही उठलो, निरोपाचा हात मिळवला. आता माझी उजवी करंगळी वाकडी आहे, लहानपणी गावी दारात चेमटली होती. मोऱ्यांनी हाताकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि त्यांचे डोळे असे चमकले!

"समजलं, काका. तुम्ही काही बोलला नाहीत आणि मी काही ऐकलं नाही!"

काही दिवसांनी पेढे घेऊन हजर. "काका, काय पॉवर आहे! ठाण्याच्या कचेरीत साहेबांशी करंगळी वाकवून हात मिळवला. साहेब हाताकडे बघतच राहिले. म्हणाले, 'अरेरे, फ्रॅक्चर का? बसा, बसा. तुमचं काम आधी करून टाकू.' एका दिवसात काम!"

मी म्हटलं, "मोरे, अहो, ती खूण नव्हे..."

"एक शब्द बोलू नका!" मोरे म्हणाले आणि माझ्या तोंडात पेढा कोंबला.

* * *

लॉजचं खरं गुपित म्हणाल तर मला एकच माहीत होतं. मदत करायची, पण कोणी केली ते घेणाऱ्याला कळू द्यायचं नाही.

कल्याणला एक विधवा बाई होती, तिला शिलाई मशीन द्यायचं ठरलं. टेम्पोतून मशीन घेऊन मी गेलो. बाईने विचारलं, "कोणी पाठवलं?"

"ते सांगायचं नाही, असं सांगितलंय."

बाई मशीनवरून हात फिरवत राहिली. मग एकदम म्हणाली, "माझ्या मोठ्या दिरांनीच पाठवलं असणार! हे गेल्यापासून आमचा अबोला आहे. त्यांचा स्वभावच तसा. वरून भांडतील आणि मग तोंड लपवून देतील."

हो म्हणता येईना, नाही म्हणता येईना. मी पाणी प्यायलो आणि निघालो.

दुसऱ्याच दिवशी ती दिराकडे गेली आणि पाया पडली. त्या बिचाऱ्याने मशीनमधली सुईसुद्धा पाठवली नव्हती! तो मान खाली घालून उभा राहिला म्हणे. आणि पुढच्या आठवड्यात त्याने खरोखरच तांदळाचं पोतं तिच्या दारात आणून ठेवलं.

हे मी आमच्या अध्यक्षांना, डॉक्टरसाहेबांना सांगितलं. नौपाड्यातच त्यांचा दवाखाना. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "दामू, कधी कधी खरं न सांगणंच बरं असतं बघा."

त्या संध्याकाळी घरी जाताना मला पहिल्यांदाच वाटलं, की असू दे दार बंद. पण घरात सुमन वह्या तपासत बसली होती, आणि आणखी एका स्थळाचा नकार आला होता.

* * *

तो नकार कसा आला ते ऐका. डोंबिवलीचे गोखले, औषधांच्या दुकानाचे मालक, त्यांना नवीन सभासद करून घ्यायचं होतं. बोलावणं येईपर्यंत उमेदवाराने बाहेर माझ्याजवळ बसायचं असतं. पायातले बूट काढून ते बाकावर बसले होते आणि घामाने भिजले होते. मित्रांनी त्यांना सांगितलेलं, की आत लाल सळईने डाग देतात आणि ओरडलं तर घेत नाहीत.

"काका, फार दुखतं का हो?"

"मला काय माहीत? सभेच्या वेळी मी कधी आत नव्हतो," मी खरं तेच सांगितलं. त्यांचा चेहरा आणखी उतरला.

तेवढ्यात जिन्याखालून आमच्या इंदूचा आवाज आला. "अहो, सळई कुठे ठेवलीत? निखारे लालबुंद झालेत!"

गोखले उभे राहिले.

"आणि तो नवीन माणूस अंगाने कसा आहे हो? जाड की बारीक?"

तिला भरताची वांगी भाजायची होती. आणि नवीन माणसाला किती वाढावं लागेल, याचा अंदाज हवा होता. हे मी गोखल्यांना सांगणारच होतो. पण मी हळू बोलतो, हे तुम्हाला सांगितलंय. माझ्या तोंडून 'वांगी' बाहेर पडेपर्यंत गोखले रस्त्यावर पोचले होते!

तसेच अनवाणी डोंबिवलीला घरी गेले. औषधांचं दुकान ते, दिवसभर सगळं गाव येणार. दोन दिवसांत लाल सळई घरोघरी पोचली. सुमनला बघायला डोंबिवलीहून पाहुणे यायचे होते. त्यांचा निरोप आला, "मुलाला अजून शिकायचंय." मुलगा पस्तिशीचा होता!

पुढच्या महिन्यात, सभेच्या दिवशीच, गोखले बूट न्यायला आले. मी ते पॉलिश करून ठेवले होते. त्यांना बसवलं, चहा दिला, आणि सावकाश सगळं सांगितलं.

"वांगी?" ते म्हणाले.

"वांगी."

तोंडावर हात घेऊन हसले. मग सुमनच्या स्थळाचं कानावर गेलं आणि हसायचे थांबले. त्याच संध्याकाळी आत जाऊन रीतसर सभासद झाले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "काका, स्थळ मी मोडलं. दुसरं मीच आणतो. आणलं नाही तर बूट परत काढून घ्या!"

* * *

आणि त्यांनी आणलं. डोंबिवलीचेच शिर्के, त्यांच्या दुकानाचं जुनं गिऱ्हाईक. मुलगा प्रकाश अंबरनाथला कारखान्यात होता, निर्व्यसनी, हसऱ्या चेहऱ्याचा. सुमन आणि तो गॅलरीत बोलले. नंतर ती इंदूला सांगत होती, "तो म्हणाला, मला भुतांची भीती नाही, मला आईची आहे." हे सांगताना तिचा चेहरा मी बघितला. आधीच्या कोणत्याच स्थळाच्या वेळी तो तसा नव्हता.

आई म्हणजे शिर्केबाई. बाई सरळ, पण तोंडाने सडेतोड. त्यांनी मला समोर बसवून उलटतपासणी घेतली. "तुम्ही दाराशी उभे राहून करता काय?" मी सगळं सांगितलं. कडी, तीन ठोके, नाव नाही सांगायचं, आपण कोण लागतो ते सांगायचं. त्यांनी मान डोलावत ऐकून घेतलं.

"मुलगी मला आवडली," त्या म्हणाल्या. "लपवाछपवी आवडत नाही. तो हॉल मी आतून बघणार. मगच काय ते सांगेन."

शिर्के हळूच म्हणाले, "अगं, तिथे बायकांना..."

"तुम्ही गप्प बसा हो."

मी घरी आलो ते ठरवूनच. दुसऱ्या दिवशी डॉक्टरसाहेबांकडे गेलो आणि म्हटलं, "साहेब, उद्यापासून येत नाही. तलवार कोणाच्या हातात देऊ?" कारण सांगितलं. इतकी वर्षं जपलेलं दार ते, आणि दुसरीकडे मुलगी.

डॉक्टर चिडले. मी त्यांना चिडलेलं कधी बघितलं नव्हतं. "दामू, नोकरी कसली सोडता? घेऊन या त्यांना रविवारी!"

"पण साहेब, नियम..."

"नियम सभेला आहे. फरशीला नाही!"

रविवारी सकाळी शिर्केबाई आल्या. मागे शिर्के, प्रकाश, गोखले. बाईंच्या पिशवीत नारळ, लिंबू आणि कुठल्याशा देवस्थानचा अंगारा. गॅलरीतून पारूमावशी ओरडल्या, "जा बाय, बिनधास जा! रस्सा झकास करतान!"

डॉक्टर जिन्यावर सामोरे आले. "या, मी तुम्हाला हॉल दाखवतो."

"तुम्ही नको," बाई म्हणाल्या. "तुम्ही दाखवाल तेवढंच बघायला मी आले नाही. मी एकटी जाणार. आणि दामूभाऊ, कडी लावा. सभेला लावता तशीच."

त्यांनी कपाळाला अंगारा लावला, पदर खोचला आणि आत गेल्या. मी कडी लावली. सवयीने तलवारही हातात घेतली.

मग आम्ही सगळे बाहेर. शिर्क्यांनी दाराला कान लावला. प्रकाश नखं खात होता. सुमन चहाचा ट्रे घेऊन आली आणि ट्रे हातात तसाच धरून उभी राहिली. इंदू जिन्यावर बसून देवाचं नाव घेत होती. आतून आधी पावलं ऐकू आली, मग खुर्ची सरकल्याचा आवाज, मग पंख्याची कुरकुर. मग काहीच नाही.

डॉक्टर येरझाऱ्या घालत होते. इतक्या वर्षांत अध्यक्ष दाराबाहेर आणि कडी लागलेली, असं कधी झालं नव्हतं. शेवटी त्यांना राहवेना. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "दामू, आत काय चाललं असेल हो?"

"काय माहीत, साहेब."

"बाहेर थांबणं कठीण असतं हो!"

बाईंनी आत काय केलं, कुठे बसल्या, काय बघितलं, हे त्यांनी आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलाला नाही. डोंबिवलीतल्या बायकांनी विचारून विचारून जीव घेतला, तर म्हणतात, "ते सांगायचं नसतं." आणि अशा काही हसतात की विचारणारीचा जळफळाट होतो.

सुमनने शेवटी ट्रे माझ्या स्टुलावर ठेवला. तेवढ्यात आतून दार ठोकलं गेलं. एकदा. दोनदा. तीनदा.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी घसा खाकरला आणि नेहमीसारखं विचारलं, "कोण?"

आतून खणखणीत उत्तर आलं, "विहीण! काढा कडी!"